सुटा भाग आणि त्याचे मोल : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात बांधणीच्या खेळण्यांचा विचार

जुन्नर म्हटले म्हणजे इतिहासाच्या अभ्यासकास नाणेघाटातील शिलालेख, लेण्याद्रीची लेणी आणि शिवनेरी यांचे स्मरण होते. आंबेगाव म्हटले म्हणजे म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू आणि डिंभे धरणाच्या जलाशयात गेलेले मूळ आंबेगाव गाव आठवते. या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना मुलांच्या खेळण्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि बाजारपेठेचा पल्ला खरोखर कोठवर पोहोचला आहे हे मोजावयाचे झाल्यास मोठ्या वस्तूंपेक्षा लहान वस्तू अधिक उपयोगी पडतात. पाण्याचे इंजिन खेड्यात आले एवढ्यावरून बाजार तेथे पोहोचला असे म्हणता येत नाही. त्या इंजिनाचा हरवलेला नट गावातच मिळू लागला म्हणजे तो पोहोचला असे समजावे. हीच कसोटी प्रस्तुत लेखात बांधणीच्या खेळण्यांना लावून पाहावयाची आहे.

बांधणीचे खेळणे म्हणजे अनेक सुटे भाग जोडून मुलाने स्वतः उभे करावयाचे खेळणे. इतर खेळण्यांहून त्याचा स्वभाव वेगळा आहे. बाहुलीचा हात मोडला तरी बाहुली उरते. पण पुलाच्या प्रतिकृतीतील चार बोल्ट हरवले की पूल उभाच राहत नाही. म्हणून या खेळण्याचे आयुष्य पेटीच्या किमतीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते एका भागाच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. हा भाग सुटा विकत मिळतो काय, कोठे मिळतो, आणि त्याचे मोल काय पडते, हे तीन प्रश्न येथे महत्त्वाचे होत.

आधुनिक काळात या प्रश्नांचे व्यवस्थित उत्तर लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी याने दिले. १९०१ मध्ये त्याने छिद्रे पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये त्याला ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले. छिद्रांमधील अंतर सर्वत्र अर्धा इंच ठेवलेले असल्यामुळे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीस जोडता येई. प्रत्येक भागास क्रमांक होता : साडेबारा इंचांची पट्टी हा क्रमांक १, नट-बोल्ट हा क्रमांक ३७. सूचिपत्रात या क्रमांकापुढे किंमत छापलेली असे आणि भाग सुटा मागविता येई. शिवाय लहान संचाचे रूपांतर त्यापुढील मोठ्या संचात करणारे पूरक संचही विकले जात. अर्थात सुटा भाग ही केवळ दुरुस्तीची सोय नव्हती. ग्राहकास वर्षानुवर्षे बांधून ठेवणारी ती विक्रीची पद्धती होती.

येथे किमतीविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शंभर भागांच्या संचातील एका भागाचे मोल संचाच्या किमतीचा शंभरावा हिस्सा असत नाही. ते त्याहून पुष्कळ अधिक असते. सुटा भाग विकावयाचा तर तो वेगळा साठवावा लागतो, मोजावा लागतो, बांधून पाठवावा लागतो. एका बोल्टसाठी लागणारे हे श्रम आणि पन्नास बोल्टांसाठी लागणारे श्रम यांत फारसा फरक नसतो. त्यात ग्राहक दूरच्या गावी असेल तर टपालखर्चाची किंवा प्रवासभाड्याची भर पडते. ओतूरच्या किंवा घोडेगावच्या मुलास एका बोल्टसाठी पुण्यास जावे लागत असेल, तर त्या बोल्टची खरी किंमत एस.टी.च्या तिकिटाने ठरते, सूचिपत्रातील आकड्याने नव्हे.

मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांत मेकॅनो परिचित होता. परंतु १९५६-५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई तीव्र झाली व उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. आयातीवरील उरलेले परिमाणात्मक निर्बंध उठण्यास १ एप्रिल २००१ चा दिवस उजाडावा लागला. दरम्यान १९७९ मध्ये लिव्हरपूलचा कारखानाच बंद पडला. ज्या खेळण्याची छिद्रे, आटे व मापे एकाच उत्पादकाच्या पद्धतीस बांधलेली, त्याचा पुरवठा खंडित झाला की घरातील चांगली पेटीही हळूहळू निकामी होते. या व्यवस्थेस आपण ‘संचाची व्यवस्था’ म्हणू.

हिच्याहून निराळी अशी ‘सुट्या जिनसांची व्यवस्था’ आपल्या प्रदेशात पूर्वीपासून परिचयाची आहे, आणि दिवाळीतील किल्ला हे तिचे उत्तम उदाहरण होय. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलास हे वेगळे सांगावयास नको. किल्ल्याचा संच नसतो. माती, दगड, पोते ही फुकटची सामग्री. हिरवळीसाठी पेरलेले अळीव किंवा मोहरी घरातलीच. बाजारातून आणावयाची ती फक्त चित्रे, आणि ती नगावर मिळतात. मावळा स्वस्त, घोडेस्वार त्याहून महाग, सिंहासनावरील महाराज सर्वांत महाग. मागील वर्षीच्या खोक्यातून दोन मावळे मोडके निघाले तर दोनच मावळे आणावयाचे. कोणत्याही कुंभाराचा मावळा कोणत्याही किल्ल्यावर चालतो, कारण त्याला कोठल्याही छिद्रात बसावयाचे नसते. किल्ल्याची चित्रे वर्षातून एकदाच विकली जात असली तरी ती सुटी मिळतात, यात या खेळाच्या दीर्घायुष्याचे एक कारण आहे.

या दोन व्यवस्थांचा मेळ घालणारा प्रयत्न १९७८ मध्ये झाला. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंता अरविंद गुप्ता यांनी त्या वर्षी रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात चाललेल्या ग्रामीण विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात भाग घेतला. तेथे त्यांनी आगकाडी आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांतून एक बांधणीचे खेळणे सिद्ध केले. गूल खरवडून काढलेल्या दोन काड्या ट्यूबच्या लहान तुकड्यात दोन बाजूंनी घातल्या की लवचीक सांधा तयार होतो. बाभळीच्या काट्याने तुकड्यास भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा सांधा होतो. अशा रीतीने त्रिकोण, चौकोन, घन, घुमट उभे राहतात. त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाही, चौकोन मात्र कलंडतो, हे मुलाच्या बोटांनाच कळते. १९८७ मध्ये या प्रयोगांचे पुस्तक निघाले. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी हे काम अनेक वर्षे चालविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने या शोधाचे मर्म काय? खेळण्याचा प्रत्येक सुटा भाग येथे दुसऱ्या एखाद्या व्यापाराचा माल आहे. काडेपेटी किराणा दुकानात आणि व्हॉल्व्ह-ट्यूब पंक्चर काढणाऱ्याकडे असावयाचीच. नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारपेठेत खेळण्यांचे दुकान नसले तरी काही अडत नाही. सुटा भाग महाग करणारा साठवणुकीचा व वाहतुकीचा खर्च सायकलस्वाराने आणि चूल पेटविणाऱ्या गृहिणीने आधीच सोसलेला असतो. संचाच्या व्यवस्थेत जो खर्च एका मुलाच्या माथी येतो, तो येथे सबंध गावात वाटला जातो.

परंतु हीच या पद्धतीची मर्यादाही आहे. जो व्यापार भाग पुरवितो, तो बदलला की खेळणेही अडचणीत येते. काडेपेटीची किंमत २००७ मध्ये पन्नास पैशांवरून एक रुपया झाली, आणि १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपये. ही वाढ सोसण्यासारखी आहे. व्हॉल्व्ह-ट्यूबचे तसे नाही. नव्या सायकलींच्या पुष्कळशा व्हॉल्व्हना रबरी नळीची गरजच नसते, आणि खेड्यांतील रस्त्यांवर सायकलीची जागा मोटारसायकलीने घेतली आहे. जी वस्तू महाग होते तिच्यासाठी पैसे साठविता येतात. जी दुकानातून नाहीशी होते तिच्यासाठी साठविलेले पैसे निरुपयोगी ठरतात.

संचाच्या व्यवस्थेतही आज बदल झाला आहे. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ मध्ये पेटंट घेतलेल्या विटेची माप-पद्धती टिकविल्यामुळे तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते. सुट्या विटांच्या जागतिक व्यापारासाठी उभी राहिलेली ब्रिकलिंक ही बाजारपेठ त्याच कंपनीने २०१९ मध्ये विकत घेतली. भारतात मात्र खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के व २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. देशी उत्पादनास संरक्षण मिळावे हा त्याचा हेतू होता. पण संरक्षित देशी उत्पादक आपले भाग सुटे विकतो काय, हा प्रश्न शुल्काच्या दराने सुटत नाही.

तिसरा एक मार्ग याच परिसरात दिसतो. आंबेगावच्या आग्नेयेस, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे २००२ मध्ये अमेरिकेबाहेरील अगदी आरंभीच्या फॅब लॅबांपैकी एक सुरू झाली. भाग विकत मिळत नसेल तर तो गावातच घडविता यावा, ही त्यामागील दृष्टी. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या महाकाय दुर्बिणींच्या सान्निध्यात, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त भरणाऱ्या प्रदर्शनात शाळांतील मुले स्वहस्ते केलेल्या प्रतिकृती मांडतात. त्या पाहताना विद्यार्थ्यांनी यंत्राचे तत्त्व जरूर समजून घ्यावे; पण त्याबरोबर प्रत्येक तुकडा कोणत्या दुकानातून आला, तो सुटा मिळाला काय आणि कितीस मिळाला, हेही मुलांना विचारावे. या उत्तरांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली, तर जुन्नर-आंबेगावच्या बाजारपेठेचा एक विश्वसनीय इतिहास त्यांतून सिद्ध होईल.