मर्लिन : दंतकथेतील जादूगार आणि चित्रकथेतील अतिमानव

मर्लिन : ब्रिटनच्या आर्थर राजाविषयीच्या मध्ययुगीन कथाचक्रातील विख्यात जादूगार, भविष्यवेत्ता व राजसल्लागार. विसाव्या शतकात कॉमिक्स या नावाने लोकप्रिय झालेल्या चित्रकथांनी त्याला अतिमानवी नायकांच्या विश्वात आणले. या स्थित्यंतरात त्याचा वेश, काळ व कार्यक्षेत्र बदलले. परंतु स्वतः पराक्रम न गाजविता दुसऱ्याला पराक्रमी करणारा, ही त्याची मध्ययुगीन भूमिका बव्हंशी टिकून राहिली.

उगम : मर्लिनची व्यक्तिरेखा दोन भिन्न परंपरांच्या संयोगातून घडली. वेल्श काव्यपरंपरेतील मिर्दिन हा इ. स. ५७३ मधील आर्फदेरिदच्या लढाईनंतर वेडा होऊन अरण्यात राहू लागला व तेथे त्याला भविष्यकथनाची शक्ती लाभली, असे मानले जाई. दुसरी परंपरा नवव्या शतकातील हिस्टोरिया ब्रिटोनम या लॅटिन ग्रंथात आढळते. व्होर्टिगर्न राजाचा बुरूज वारंवार का ढासळतो, याचे कारण अँब्रोशिअस नावाचा बालक सांगतो : पायाखाली तांबडा व पांढरा असे दोन नाग झुंजत असतात. मन्मथच्या जेफ्रीने सु. ११३६ मध्ये लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात या दोघांची सांगड घालून ‘मर्लिनस’ निर्माण केला. आयर्लंडमधील प्रचंड शिळा आणून स्टोनहेंजचे शिलावर्तुळ उभारणे व ऊथर राजाचे रूपांतर घडवून आर्थरच्या जन्मास कारण होणे, ही कृत्ये जेफ्रीने त्याच्या नावावर घातली. मात्र आर्थर जन्मल्यावर जेफ्रीच्या इतिहासातून मर्लिन नाहीसा होतो. त्या दोघांची भेटही तेथे घडत नाही.

मध्ययुगीन विकास : आर्थरचा मार्गदर्शक ही मर्लिनची ओळख प्रामुख्याने फ्रेंच साहित्याने घडविली. रॉबेअर द बोराँ याने सु. १२०० मध्ये त्याला सैतानी पित्याचा पुत्र ठरविले. आईची धर्मनिष्ठा व बाप्तिस्मा यांमुळे तो सन्मार्गी झाला, असे सांगितले. शिळेत रुतलेल्या तलवारीचा प्रसंगही याच परंपरेतला. पुढील गद्य कथाचक्रांत त्याची शिष्या व्हिव्हियन त्याच्याकडूनच शिकलेल्या मंत्रांनी त्याला कायमचा बंदिस्त करते. टॉमस मॅलरीच्या, १४८५ मध्ये कॅक्स्टनने छापलेल्या ग्रंथाद्वारे ही कथा इंग्रजीत स्थिरावली. सर्वज्ञ जादूगार सदैव जवळ असेल, तर वीरांच्या धैर्याला अर्थ उरत नाही. म्हणून कथाकारांना त्याला योग्य वेळी दूर करावे लागे. हीच अडचण पुढे चित्रकथाकारांनाही जाणवली.

चित्रकथांतील रूपे : हॅल फॉस्टरच्या १९३७ मध्ये सुरू झालेल्या प्रिन्स व्हॅलियंट या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत मर्लिन आर्थरच्या दरबारातच वावरतो. १९३८ मध्ये सुपरमॅन अवतरला आणि प्रकाशकांनी अद्‌भुत शक्तीच्या नव्या उगमांचा शोध सुरू केला. क्वालिटी कॉमिक्सच्या नॅशनल कॉमिक्स या नियतकालिकात १९४० मध्ये ‘मर्लिन द मॅजिशियन’ ही कथामाला निघाली. तिचा नायक प्राचीन मर्लिन नसून त्याचा आधुनिक वंशज आहे. पूर्वजाच्या अंगरख्यामुळे त्याला जादूची शक्ती प्राप्त होते. मर्लिनचे नाव धारण करणारा नायक उभा करतानाही मूळ जादूगाराला भूतकाळात ठेवणे लेखकांना सोयीचे वाटले, हे लक्षणीय होय.

यानंतरच्या कथांत मर्लिन मुख्यतः शक्तिदाता म्हणून येतो. स्टॅन ली व जो मॅनीली यांच्या ब्लॅक नाइट (१९५५) मध्ये तो सर पर्सी या सरदाराची निवड करतो. जॅक कर्बीच्या द डेमन (१९७२) मध्ये मॉर्गेन ल फेच्या आक्रमणाने कॅमेलॉटचा पाडाव होत असता मर्लिन एट्रिगन या राक्षसाला मानवी रूप देतो व तो राक्षस जेसन ब्लड या नावाने आधुनिक काळापर्यंत जगतो. पुढील लेखकांनी एट्रिगनला मर्लिनचा सावत्र भाऊ ठरविले. रॉबेअर द बोराँच्या सैतानी पित्याचे हे दूरचे पडसाद होत. मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅप्टन ब्रिटनमध्ये शिलावर्तुळापाशी ब्रायन ब्रॅडॉक या तरुणासमोर मर्लिन व त्याची कन्या रोमा ताईत आणि तलवार ठेवतात. तो तलवार नाकारून ताईत निवडतो व नायक होतो. येथे शिळेतील तलवारीच्या कसोटीचा अर्थ उलटविला आहे : राज्याधिकार सिद्ध करणारे शस्त्र आता मोहाचे चिन्ह ठरते. माइक बार व ब्रायन बोलंड यांच्या कॅमेलॉट ३००० (१९८२–८५) मध्ये परग्रहीयांचे आक्रमण परतविण्यासाठी आर्थर पुन्हा जागा होतो व मर्लिन त्याच्या साहाय्यास येतो.

मूल्यमापन : ॲलन मूर व ॲलन डेव्हिस यांच्या १९८० नंतरच्या कॅप्टन ब्रिटन कथांत मर्लिन अनेक विश्वांच्या भवितव्याचा डाव बुद्धिबळासारखा खेळतो आणि नायक त्याचे मोहरे बनतात. इतरांचे जीवन आखून देण्याचा अधिकार ज्ञानी पुरुषाला असतो काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. तो जेफ्रीच्या कथेतही दडलेला आहे : ऊथरच्या रूपांतराने एका स्त्रीची फसवणूक होते आणि त्या फसवणुकीतून आदर्श राजा जन्मतो. मध्ययुगीन लेखकांनी हे कृत्य राज्याच्या हितासाठी बव्हंशी मान्य केले. आधुनिक चित्रकथाकाराने त्याचा जाब विचारला. चित्रकथांनी मर्लिनला केवळ रंगीत वेश चढविला, असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. जेफ्रीने दोन जुन्या व्यक्तिरेखा जोडून त्याला घडविले, फ्रेंच लेखकांनी त्याला पिता, शिष्या व कारावास दिला. चित्रकथाकारांनी त्याच रीतीने, आपल्या काळाच्या शंकांसह, ही कथा पुढे नेली.