उदास रविवारचें गीत



कांहीं गीतें अशीं असतात कीं, त्यांचा अर्थ केवळ शब्दांत शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं; तो त्या काळांत शोधावा लागतो. हंगेरींतील ‘उदास रविवार’ हें त्यांपैकींच एक. १९३३ सालीं बुडापेस्टच्या रेझ्यो शेरेश या पियानोवादकानें त्याची चाल बांधिली आणि लासलो यावोर या कवीनें तीस शब्द दिले.

शब्द विलक्षण आहेत. नायक पांढरीं फुलें घेऊन प्रियेची वाट पाहातो. ती येत नाहीं. मग तो एक शेवटचा रविवार कल्पितो. त्यांत फुलें आहेत, धर्मोपदेशकही आहे. परंतु तो विवाह नव्हे, नायकाचीच अंत्ययात्रा होय! त्याचे निर्जीव उघडे डोळे तिला आशीर्वाद देतात. याच चालीवर शेरेशनेंही पद्य रचिलें आहे. त्यांत गळालेलीं पानें आहेत, रक्तानें माखलेलीं कुरणें आहेत आणि जगाचा अंत आहे. एका पद्यांत एका हृदयाचा नाश, दुसऱ्यांत सर्व सृष्टीचा. आणि चाल मात्र दोहोंस सारखीच शोभते. गीताची खरी किल्ली येथें आहे, असें मला वाटतें.

१९२० च्या त्रियानों तहानें हंगेरीचा सुमारें दोनतृतीयांश मुलूख गेला होता; १९२९ नंतरच्या मंदीनें लोकांच्या तोंडचा घास हिरावला. अशा देशांत एका घरचें सुतक सर्वांस आपलें वाटावें, यांत नवल नाहीं.

हें गीत ऐकून माणसें आत्मघात करितात, अशी वदंता वर्तमानपत्रांनीं जगभर पसरविली. तिला निश्चित पुरावा नाहीं. हंगेरींत आत्मघातांचें प्रमाण मुळांतच मोठें होतें. कण्हण्यानें रोग होत नाहीं. रोगानें कण्हणें होतें!

१९४१ सालीं अमेरिकन गायिका बिली हॉलिडे हिनें हें गीत इंग्रजींत गाइलें. त्यांत शेवटीं एक कडवें जोडून सारें स्वप्न ठरविलें आहे. तरीही युद्धकाळीं लोकांचें धैर्य खचेल म्हणून बी. बी. सी.नें तिचें गाणें बंद ठेविलें; शब्दांवांचून नुसती चाल तेवढी चाले. हा निर्बंध २००२ सालीं उठला.

शेरेश ज्यू होता. युद्धांत त्यास सक्तीची मजुरी भोगावी लागली. तो जगला, पण १९६८ सालीं त्यानेंही आपला शेवट करून घेतला. लोक यास गीताचा शाप म्हणतात. शाप म्हटलें कीं युद्ध, वंशद्वेष आणि दारिद्र्य यांची जबाबदारी कोणावरच राहात नाहीं!

आपल्या भवभूतीनें करुणरसास सर्व रसांचें मूळ मानिलें. करुण ऐकून मन मरत नाहीं, जागें होतें. म्हणून असें काळोखें गीत कानीं पडल्यास त्याचें तोंड बंद करण्यापूर्वीं एवढें विचारावें कीं, गाणाऱ्याच्या घरांत आणि गांवांत काय जळत आहे?