हाती शस्त्र आणि पायी बेडी

नगरचा किल्ला पाहावयास पाहुणे मंडळी आली म्हणजे आपण नगरकर खंदकाच्या काठी उभे राहून त्यांना चांदबिबीची गोष्ट सांगतो, आणि तिच्या पाठोपाठ मलिक अंबराचे नाव घेतो. आफ्रिकेत जन्मलेला, बाजारात विकला गेलेला एक पोर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, हे सांगताना आपली छाती फुगते, आणि ती फुगावी यात गैर काहीच नाही. परंतु गोष्ट संपता संपता एक वाक्य पुष्कळांच्या तोंडून सहज निघून जाते : "म्हणजे आपल्याकडची गुलामगिरी काही तितकीशी वाईट नव्हती!" या वाक्यात खरे किती आणि खोटे किती, हे आज आम्हांला तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी वाटेत थोडा वेळ वाचकांना नगरहून अमेरिकेलाही न्यावे लागेल. कारण गुलामाच्या हाती शस्त्र द्यावे की नाही, या प्रश्नावर तेथे मोठा कडाक्याचा वाद झाला आणि त्याच्या उजेडात आपली गोष्ट अधिक स्पष्ट दिसते.

आधी घरचेच पाहू. सोळाव्या शतकात दख्खनचे कापड तांबड्या समुद्राकडे जात असे आणि तिकडून घोडे, हस्तिदंत, सोने यांबरोबर माणसेही येत. ॲबिसिनिया म्हणजे हबसाण. तेथील माणूस तो हबशी. १५४८ च्या सुमारास त्या देशात जन्मलेला चापू नावाचा मुलगा असाच विकला गेला. पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने पुढे १६१७ साली अंबराची भेट घेतली. मोखा बंदराच्या बाजारात या मुलाची किंमत ऐंशी गिल्डर झाली होती, असे त्याच्या टिपणांत आढळते. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकविले आणि अंबर हे नाव दिले. तेथून तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. गंमत अशी की, हा चंगीजखान स्वतःही पूर्वाश्रमीचा हबशी गुलामच होता, आणि त्याच्या पदरी अंबरासारखे सुमारे हजार हबशी होते.

आता प्रश्न असा की, सुलतानांनी आणि सरदारांनी आपल्या जिवाची राखण विकत आणलेल्या माणसांवर का सोपवावी? उत्तर त्या काळच्या दरबारी राजकारणात आहे. एका बाजूला दक्खनी अमीर, दुसऱ्या बाजूला इराणकडून आलेले परदेशी अमीर, आणि दोघांची एकमेकांवर नजर. अशा ठिकाणी ज्याला ना गाव ना गोत, ना भाऊबंद ना वतन, असा शिपाई धन्याला हवा असतो. हबशाला धन्यावाचून दुसरे कोणी नव्हते. त्याच्या ज्या इमानाची आपण तारीफ करतो, ते इमान त्याचे घरदार तोडून तयार केलेले होते, हे विसरून चालणार नाही.

१५७४-७५ च्या सुमारास चंगीजखान मारला गेला आणि त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. पुढे अंबर विजापूरकरांच्या चाकरीत राहिला. मोगल नगरवर चालून आले त्या सुमारास, १५९५ साली, तो दीडशे स्वारांनिशी परत येऊन अभंगखान हबशाला मिळाला. १६०० साली चांदबिबी मारली गेली, नगरचा किल्ला मोगलांकडे गेला आणि निजामशाही बुडाली असे सर्वांना वाटले. तेव्हा अंबराने परांड्यास दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून पुढली सव्वीस वर्षे ते राज्य जगविले. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० च्या सुमारास लिहितो की, अंबराच्या फौजेत दहा हजार त्याच्या जातीचे आणि चाळीस हजार दक्खनी होते. या दक्खन्यांत आपले मराठे स्वार होते, हे सांगावयास नको. १६२४ साली नगर तालुक्यातील भातवडीस तलावाचा बांध फोडून, चिखलात अडकलेल्या मोगल व आदिलशाही फौजांचा अंबराने जो फन्ना उडविला, त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि शहाजींचे बंधू शरीफजी तेथेच कामास आले.

आता अमेरिकेकडे वळू. १८६१ साली तेथील दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली आणि त्यांनी आपले निराळे संघराज्य उभारले. त्या राज्यांत सुमारे ३५ लाख कृष्णवर्णी गुलाम होते, आणि त्यांच्यावरची मालकी टिकविणे हाच फुटण्यामागचा मुख्य हेतू होता. लढाई सुरू होताच दक्षिणेच्या सैन्याने या गुलामांना खंदक खणावयास, गाड्या हाकावयास, स्वयंपाकास आणि धन्याचे सामान वाहावयास जुंपले. बंदूक मात्र त्यांच्या हाती द्यावयाची नाही, असा दंडक ठेवला. उत्तरेने १८६३ पासून कृष्णवर्णी पलटणी उघडपणे उभारल्या आणि युद्ध संपेतो त्यांत सुमारे १,८०,००० माणसे भरती झाली. त्यांतील बहुसंख्य स्वतःच गुलामीतून सुटून आलेली होती.

दक्षिणेची माणसे संपत चालली तेव्हा जानेवारी १८६४ मध्ये पॅट्रिक क्लेबर्न या सेनापतीने सुचविले की, गुलामांना स्वातंत्र्य देऊन सैन्यात घ्यावे. अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने तो विषय तेथल्या तेथे दाबून टाकला. वर्षभरात दशा अधिक बिघडली आणि तोच प्रश्न चव्हाट्यावर आला. त्या वेळी जॉर्जियाचा पुढारी हॉवेल कॉब याने विरोध करताना जे लिहिले त्याचा मथितार्थ असा की, गुलाम जर चांगले शिपाई ठरले तर गुलामगिरीविषयीचा आपला सारा सिद्धान्तच चुकीचा ठरेल. शत्रूच्या तोंडून सत्य निघावे ते असे! काळा माणूस जन्मतःच हलका, या एका गृहीतावर त्यांची इमारत उभी होती; त्याने एक लढाई मर्दासारखी लढून दाखविली की पायाच उखडला. अखेर सेनापती ली याने भरतीला पाठिंबा दिला, आणि १३ मार्च १८६५ रोजी कायदा झाला. त्या कायद्यातही स्वातंत्र्याचे वचन नव्हते. ते पुढे लष्करी हुकुमात, मालकाच्या संमतीची अट घालून, आले. रिचमंड शहरात दोन लहानशा कंपन्यांची कवाईत सुरू झाली न झाली तोच एप्रिलच्या आरंभी ते शहर पडले आणि ९ एप्रिलला लीने शस्त्रे खाली ठेवली.

परंतु वाद तेथे संपला नाही. शंभर वर्षांनंतर दक्षिणेचे काही अभिमानी म्हणू लागले की, हजारो कृष्णवर्णी लोक स्वखुषीने आमच्या बाजूने लढले. मग लढाई गुलामगिरीसाठी कशी? पुरावा म्हणून एक छायाचित्र दाखविले जाते. त्यात अँड्र्यू चँडलर हा गोरा शिपाई आणि सायलस चँडलर हा कृष्णवर्णी माणूस, दोघेही हत्यारे घेऊन शेजारी बसलेले आहेत. परंतु आडनावाची ओळख पटली की चित्राचा अर्थ पालटतो : सायलस हा त्या कुटुंबाच्या मालकीचा गुलाम होता. दक्षिणेतील काही राज्यांनी पुढे अशा वृद्धांना निवृत्तिवेतने दिली, तीही बहुतेक नोकर म्हणून दिली. रणांगणावर हजर असणे निराळे आणि आपल्या मर्जीने लढणे निराळे. हा भेद पुसला की इतिहासाचे कौतुक होते, पण इतिहास उरत नाही.

तेव्हा अशा प्रसंगी तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. शस्त्र हाती कोणी दिले? ते नाकारण्याची मुभा होती काय? आणि लढाई संपल्यावर त्या माणसाला काय मिळाले? परक्याला विचारतो तेच प्रश्न घरच्यालाही विचारले पाहिजेत. चंगीजखानाच्या पदरी असलेल्या अंबराला हे प्रश्न घातले तर उत्तरे सायलसहून फार निराळी येत नाहीत. १५९५ साली दीडशे स्वार घेऊन आलेल्या अंबराची उत्तरे मात्र सर्वस्वी निराळी आहेत. त्याने धनी निवडला होता, बाजू निवडली होती, पुढे राजाही त्यानेच निवडला. म्हणजे भातवडीचा विजय हा एका मुक्त माणसाचा पराक्रम आहे. त्याचे श्रेय गुलामगिरीच्या खात्यावर जमा करणे म्हणजे चोराने परत केलेल्या मालाबद्दल चोरालाच दानशूर म्हणणे होय.

मग दख्खनेत कॉबसारखा वाद का झाला नाही? आमच्या मते त्याचे कारण असे : येथली गुलामगिरी कातडीच्या रंगावर उभी नव्हती. तिला एक दरवाजा होता. धनी मेला, मर्जी बसली, तलवार चालली, तर त्या दरवाजातून एखादा बाहेर पडे, सरदार होई, आणि चंगीजखानाप्रमाणे स्वतः गुलाम विकत घेई. एकाच्या उत्कर्षाने व्यवस्थेला धक्का बसत नसे. दरवाजा होता म्हणूनच घर टिकले! अंबर सत्तेवर आला तरी माणसांचा बाजार बंद पडला नाही. हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता कंपनी सरकारच्या कायद्याने गेली, ती १८४३ साली. आणि रंगाचा द्वेष येथे नव्हताच, असेही नाही. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत अंबराच्या काळेपणावरून हिणकस शब्द वापरतो, आणि त्याच्या चित्रकाराने तर बादशहा अंबराच्या तोडलेल्या शिराला बाण मारीत आहे असे चित्र काढले. प्रत्यक्षात ते शिर मोगलांच्या हाती कधी लागले नाही. १६२६ साली अंबर वारला आणि खुलताबादेस सन्मानाने पुरला गेला.

अंबराचा मान आपल्याकडे मोठा आहे, आणि तो असावा. शिवभारत रचणाऱ्या कवींद्र परमानंदांनी, जे आपल्याच नेवाशाचे, भातवडीच्या वर्णनात त्याच्या शौर्याचा गौरव केला. मलिकंबरी धाऱ्याची आठवणही महाराष्ट्र विसरलेला नाही. पण फिंचने मोजलेल्या त्या दहा हजारांपैकी किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत? चंगीजखानाच्या हजारांतून अंबर एक निघाला. बाकीचे कोठे पडले, कोणत्या वाडीत त्यांची मुलेबाळे मिसळून गेली, कोणाची आई त्या किनाऱ्यावर वाट पाहत राहिली, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

म्हणून पुढल्या खेपेस पाहुण्यांना किल्ला दाखविताना अंबराची गोष्ट जरूर सांगावी, अभिमानानेच सांगावी. फक्त शेवटचे ते एक वाक्य गाळावे, आणि त्याच्या जागी एवढेच म्हणावे की, हा माणूस सुटला म्हणून मोठा झाला. जे सुटले नाहीत तेही याच खंदकाच्या काठी पहारा देत उभे होते.