बेरजेची कुळकथा
हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर क्ष-किरणांखाली उपचार होतात त्या कॅथलॅबमधल्या तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या एप्रनखाली, एक छोटा बिल्ला लावलेला असतो. सगळे त्याला टीएलडी बॅज म्हणतात. आत कॅल्शियम सल्फेट आणि डिस्प्रोशियमच्या तीन टेफ्लॉन चकत्या. किरणांची ऊर्जा त्या धरून ठेवतात आणि तापवल्या की प्रकाशाच्या रूपात सोडतात. त्या प्रकाशावरून डोस कळतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने 1975मध्ये फिल्मच्या जुन्या बॅजऐवजी हा आणला. आज तळेगावचा तंत्रज्ञ नोकरी बदलून मुंबईला गेला, तरी त्याचा डोस राष्ट्रीय नोंदीत त्याच्या नावावर जमा होत राहतो. मर्यादाही ठरलेली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट.

टेबलावरच्या पेशंटला ना बॅज, ना मर्यादा. मर्यादा मुद्दामच घातलेली नाही. कोटा संपला म्हणून हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी तशीच सोडता येत नाही. मात्र मर्यादा नाही म्हणून हिशेबही नको, असा अर्थ कित्येक वर्षं घेतला गेला.

हिशेबाचा पहिला मोठा धडा क्षयरोग्यांनी दिला. प्रभावी औषधं येण्याआधी छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस मिटवत. हवा जिरली की पुन्हा भरायची, आणि दर खेपेला फ्लुरोस्कोपखाली, म्हणजे क्ष-किरणांच्या चालत्या चित्रात, बघायचं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या सॅनेटोरियममध्ये असे उपचार झालेल्या स्त्रियांत स्तनांचा कर्करोग जास्त आढळतो, हे इयान मॅकेन्झी यांनी 1965मध्ये मांडलं. एका खेपेचा डोस कुणाला खटकला नव्हता. घात केला तो बेरजेने.

1977मध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी केली आणि पडद्यावर बघत हृदयावर उपचार करण्याचं युग सुरू झालं. 1994मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा उपचारांत त्वचा भाजत असल्याचा इशारा दिला. एकाच जागी साधारण 2 ग्रे डोस बसला की त्वचा लाल होऊ शकते. त्याहून बराच जास्त बसला तर जखम होते, तीही कित्येक आठवड्यांनी. तोवर पाठीवरच्या चट्ट्याचा अँजिओप्लास्टीशी संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे 2000च्या आंतरराष्ट्रीय मानकाने अशा यंत्रांवर डोस दिसण्याची सोय सक्तीची केली.

म्हणजे आकडा आहे, पण तो यंत्रापाशी राहतो. मावळातला हृदयरोगी आज तळेगावात, उद्या पिंपरीत, परवा पुण्या-मुंबईत टेबलावर झोपतो, आणि प्रत्येक यंत्र शून्यापासून मोजतं. उपचार टाळावा असं यात काही नाही. डिस्चार्ज कार्डावर तारखेसोबत डोसचा आकडाही लिहून मागावा, एवढंच. आधी किती डोस बसलाय हे दिसलं, तर पुढचा डॉक्टर क्ष-किरण ट्यूबचा कोन बदलून तीच त्वचा वाचवू शकतो आणि मोठा डोस झाला असेल तर पाठ तपासायला परत बोलावू शकतो.