स्मृतिभ्रंशासाठी घडलेली घरे

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी वेगळी वास्तू रचण्याची कल्पना जेमतेम पन्नास वर्षांची आहे. अलोइस आल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्णेवरून पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या स्मृतिभ्रंशाचे वर्णन केले, ती फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात होती. पुढची कित्येक दशके अशा वृद्धांच्या वाट्याला मनोरुग्णालय, नाहीतर इस्पितळाच्या धर्तीवरचे शुश्रूषागृह येत राहिले. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी बंद दारे आणि टोकाला कुलूप. आपली खोली कोणती हे ज्याला आठवत नाही, त्याला ती अशा बोळात सापडणार तरी कशी? त्याचे भटकणे, चिडणे सारे आजाराच्या खात्यावर मांडले जाई. इमारतीला कोणी दोष देत नसे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एम. पॉवेल लॉटन यांनी तो दिला. क्षमता जितकी घटते, तितका भोवतालाचा माणसाच्या वागण्यावरचा अंमल वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातूनच १९७४ मध्ये फिलाडेल्फियात वाइस पॅव्हिलियन उभे राहिले. चाळीस जणांच्या खोल्या मधल्या मोठ्या दालनाभोवती होत्या. खोलीबाहेर पाऊल टाकताच जेवणाची जागा समोर दिसे. बोळ गेला, हे मोठेच पाऊल होते. पण एका दालनात चाळीस माणसे ही गजबजही फार होती.

युरोपने संख्या कमी केली. फ्रान्समध्ये जॉर्ज कोसानेल यांनी १९७७ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘कांतू’मध्ये डझनभर वृद्ध एकत्र राहत आणि सगळ्या खोल्या स्वयंपाकघर असलेल्या सामायिक खोलीत उघडत. भाजी निवडणे, टेबल मांडणे ही कामे रहिवासीही करीत. स्वीडनमधील समूहनिवास त्याहून लहान होते.

ओहायोतील चार्डन येथे १९८९ मध्ये उघडलेल्या कोरीन डोलन केंद्राने मात्र वास्तूचीच परीक्षा घेतली, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा तिथे मिळाला. शौचकूप पडद्याआड असताना आणि नजरेसमोर असताना रहिवासी काय करतात, याची निरीक्षणे झाली. तो नजरेसमोर असताना त्याचा वापर ठळकपणे वाढला. ज्या असहायतेला आजाराचा अटळ भाग मानले जात होते, तिच्यात काही वाटा एका पडद्याचा होता! माणसाची लाज राखण्याचे काम इथे औषधाने नव्हे, मांडणीने केले. १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनियात झालेल्या वुडसाइड प्लेसने ३६ जणांना बारा-बारांच्या तीन घरांत विभागले आणि हिंडण्यासाठी वाटा व बाग दिली.

पुढे अशा घरांचे अख्खे गावच झाले: ॲमस्टरडॅमजवळच्या वेस्प येथील हॉगवेक २००९ मध्ये पूर्ण झाले. तेव्हा २३ घरांत सुमारे दीडशे जण, शिवाय रस्ते, चौक, दुकान, नाट्यगृह. बाहेर जायचे दार मात्र एकच, राखणीचे. हे नाटकी गाव आहे, अशी टीका झाली. ती पटण्यासारखी नाही. तिथल्या दुकानातले दूध खरे असते. बस कधीच न येणारा बसथांबा जर्मनीतील काही शुश्रूषागृहांनी दाराशी उभारला, ती खरी फसवणूक.

फ्रान्समधील दाक्स येथे २०२० मध्ये १२० जणांसाठी झालेल्या गावाने आणखी एक बदल केला: तिथले उपाहारगृह आणि ग्रंथालय शहरातल्या लोकांनाही खुली आहेत.