सेबिनच्या गाद्या आणि लहान खोलीतील नाद

संगीत ऐकण्याच्या खोलीचा नाद मोजता येतो आणि मोजून सुधारता येतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्रज्ञांच्या गणनेत नव्हती. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले. वक्त्याचा एक शब्द विरण्यापूर्वीच पुढचे कित्येक शब्द त्यावर येऊन आदळत. यावर उपाय शोधण्याचे काम अध्यक्ष एलियट यांनी वॉलेस क्लेमंट सेबिन या तरुण पदार्थवैज्ञानिकाकडे सोपविले.

सेबिनची साधने साधी होती: ५१२ कंप्रतेची ऑर्गनची एक नळी, कालमापक यंत्र आणि स्वतःचा कान. शहराचा गोंगाट शमल्यावर रात्री तो प्रयोग करी. नळी थांबविल्यापासून ध्वनी ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ, म्हणजेच निनादकाल, रिकाम्या व्याख्यानगृहात ५.६२ सेकंद भरला. मग शेजारच्या सँडर्स रंगमंदिरातील आसनांच्या गाद्या आणून त्याने त्या टप्प्याटप्प्याने खोलीत मांडल्या, आणि अखेर हा काळ १.१४ सेकंदांवर आला. निरीक्षकाच्या अंगावरील कपडेही ध्वनी शोषतात हे ध्यानात येताच त्याने आधीची हजारो निरीक्षणे बाद केली व पुढे प्रत्येक रात्री तोच पोशाख घातला. इतकी शिस्त त्या काळच्या ध्वनिशास्त्रात दुर्मिळच म्हणावी लागेल. १८९८ मध्ये या आकड्यांतील संबंध त्याला उलगडला: निनादकाल खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात व एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. शोषणाचे एकक म्हणून त्याने उघडी खिडकी घेतली, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही.

बॉस्टनच्या सिंफनी हॉलमुळे (१९००) या नियमाला कीर्ती लाभली. घरगुती आकाराच्या खोलीच्या दृष्टीने मात्र १९०२ मधील एक लहानसा प्रयोग अधिक उद्बोधक आहे. न्यू इंग्लंड संगीतशाळेतील पियानोच्या पाच खोल्यांत सेबिनने जाणकार संगीतशिक्षकांची समिती नेली. प्रत्येक खोलीत पियानो वाजविला जाई, गाद्या वाढविल्या अथवा कमी केल्या जात आणि ‘आता योग्य’ असे समितीचे एकमत होईपर्यंत हा क्रम चाले. परीक्षकांना आकड्यांची काहीच कल्पना नव्हती. पुढे हिशेब करताना त्यांच्या उपस्थितीने झालेले शोषणही धरण्यात आले. खोल्यांची घनफळे ७४ ते २१० घनमीटर इतकी भिन्न असूनही पसंतीचे निनादकाल ०.९५ ते १.१६ सेकंदांच्या आतच राहिले. त्यांची सरासरी १.०८ आली. रुची ही व्यक्तिगत व अस्थिर असते, या समजुतीला मिळालेले हे प्रायोगिक उत्तर होते.

परंतु हा आकडा ध्वनिमुद्रित संगीताच्या खोलीला जसाच्या तसा लावता येत नाही. संगीतशाळेत पियानो त्या खोलीतच वाजत होता, आणि त्याच्या नादाला भरीवपणा देणारा निनाद त्या खोलीनेच पुरवायचा होता. ध्वनिमुद्रणात मूळ सभागृहाचा निनाद अगोदरच उतरलेला असतो. श्रोत्याच्या खोलीने त्यावर आणखी एक सेकंद चढविला तर स्वर एकमेकांत मिसळतात. ५० घनमीटरांच्या खोलीत १.०८ सेकंदांसाठी सेबिनच्या सूत्रानुसार सुमारे ७.५ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण पुरते. अर्धा सेकंद हवा असेल तर ते १६ चौरस मीटरांवर न्यावे लागते. शिवाय शोषण असे फार वाढले की सूत्रच डळमळू लागते. सर्व पृष्ठभाग पूर्ण शोषक असले तरी ते शून्य निनादकाल देत नाही. हा दोष १९३० मध्ये कार्ल आयरिंगच्या सुधारित सूत्राने दूर झाला.

याहून गंभीर अडचण मंद्र स्वरांची आहे. सेबिनचा नियम खोलीभर समान पसरलेला ध्वनी गृहीत धरतो. पाच मीटर लांबीच्या खोलीत त्या दिशेचे पहिले स्थिर कंपन सुमारे ३४ कंप्रतेस उद्‌भवते. त्याचा दाब समोरासमोरच्या भिंतींशी सर्वाधिक आणि मध्यभागी शून्य असतो. तोच स्वर मध्ये बसणाऱ्याला जवळजवळ ऐकू येत नाही, तर भिंतीलगतच्या श्रोत्याला तो घुमतो. गालिचा वा पडदा येथे फारसा कामाचा नाही. या स्वराची तरंगलांबी १० मीटर, आणि सच्छिद्र शोषक भिंतीपासून तिच्या चतुर्थांशाइतक्या म्हणजे २.५ मीटर अंतरावर असल्यासच पुरेसा परिणाम करतो. गालिच्यांनी भरलेल्या खोलीत तार स्वर मरतात आणि खर्ज तेवढा राहतो, ही तक्रार नेहमी ऐकू येते ती याच कारणाने.

सांख्यिकी पद्धती कोठे लागू पडते याची मर्यादा मान्फ्रेट श्रोडरने १९५४ मध्ये घालून दिली व १९६२ मध्ये ती सुधारली. निनादकालाला (सेकंदांत) घनफळाने (घनमीटरांत) भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमूळाची २००० पट म्हणजे ती सीमा. ५० घनमीटर व अर्धा सेकंद यांसाठी ती २०० कंप्रता येते. याउलट १९,००० घनमीटरांच्या सभागृहात निनादकाल १.९ सेकंद असल्यास ती केवळ २० वर उतरते, म्हणजे श्रवणक्षेत्राच्या खालच्या टोकाशी. सेबिनची रीत सभागृहांत यशस्वी का ठरली, हे या दोन आकड्यांवरून कळते. लहान खोलीत सीमेखालच्या स्वरांसाठी एकच निनादकाल सांगण्यात अर्थ उरत नाही. तेथे ध्वनिक्षेपक व श्रोता यांच्या जागा बदलून प्रत्येक ठिकाणी प्रत्येक कंप्रतेचा दाब निराळा मोजावा लागतो.