गोदावरी : नाव कुठलं, पाणी कुठलं

राजाचा इतिहास सांगणं सोपं. तो जन्मतो, राज्य करतो, मरतो. नदीच्या बाबतीत आधी हेच ठरवावं लागतं की आपण नक्की कोणाबद्दल बोलतो आहोत. नद्या समुद्राला मिळताना नामरूप टाकून देतात, असं उपनिषदांनी म्हटलं. आपला प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. समुद्र गाठण्याआधी वाटेतच नाव एकीचं आणि पाणी दुसरीचं झालं तर? गोदावरीचं तसंच झालं आहे.

तिचा उगम आपण त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीवर मानतो. तिथून अरबी समुद्र सुमारे 80 किलोमीटरवर. पण पठार पूर्वेकडे कललेलं, म्हणून ती जवळच्या समुद्राकडे पाठ करते आणि 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. घाटमाथा सोडला की लगेच पर्जन्यछाया. नगर, बीड, परभणी हा सगळा मुलूख पावसाच्या मेहेरबानीवर. मग राजमहेंद्रीला जे अफाट पात्र दिसतं ते येतं कुठून? वर्धा, वैनगंगा, पैनगंगा या तिघींचं पाणी घेऊन सिरोंच्याजवळ प्राणहिता मिळते, तिच्या खाली बस्तरातली इंद्रावती, आणि पुढे शबरी. पाण्याच्या हिशोबानं ही नदी मुख्यतः विदर्भाची आणि बस्तरची. नाव मात्र त्र्यंबकचं.

वयाचंही तेच. नाशिक-पैठणचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. प्राणहितेच्या संगमाजवळची दरी त्याहून कितीतरी जुनी. सिंगरेणीचा कोळसा तिच्यातला, आणि बरापासॉरस नावाच्या प्रचंड डायनोसॉरचे अवशेषही तिथलेच. थोरलीला धाकटीच्या नावानं हाक मारावी, तसा प्रकार.

मग या सगळ्याला एक नदी केलं कोणी? आमचं उत्तर असं, की यात्रेकरूंनी. ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्यानं गौतम ऋषींची कथा त्र्यंबकला बांधली, आणि तिकडे त्रिभुज प्रदेशात नदी फुटते तेव्हा तिच्या एका मोठ्या शाखेचं नाव पुन्हा गौतमीच. गुरू सिंह राशीत गेला की इकडे सिंहस्थ, तिकडे राजमहेंद्रीला पुष्करम्. 2015च्या जुलैत दोन्हीकडे एकाच पंचांगानं गर्दी झाली. भाषा वेगळ्या, राज्यं वेगळी, पण नदी एक. आपल्या मराठवाड्यात तर तिला सरळ गंगाच म्हणतात. काठ तो गंगथडी, गावं गंगापूर, गंगाखेड.

इतिहासाच्या पुस्तकात पैठण येतं ते सातवाहनांची राजधानी म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तेर या दोन्ही पेठा आहेत. पण गंमत बघा, माल भडोचला जायचा तो गाड्यांतून, बिकट वाटांनी. वरची गोदावरी ही मालवाहतुकीची नदी नव्हतीच. ती उताराची, घाटाची, स्नानाची नदी. तिच्या खोऱ्यात, प्रवरेकाठी, दायमाबादला शेतकऱ्यांची मोठी वस्ती होती, इ.स.पू. 1000च्या सुमारास ती ओस पडली. पाणी हटलं हे त्याचं एक कारण मानलं जातं.

आता आपण धरणांकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे बसली आहे. आर्थर कॉटननं 1852मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पुरा केला आणि दुष्काळानं पिचलेला त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला. तिथे अजून त्याचे पुतळे आहेत. वरच्या अंगाला प्रवरेवर भंडारदरा 1926मध्ये झालं. कालव्यामागून ऊस आला, 1950मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी केली ती 1965मध्ये, आणि लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते 1976मध्ये. म्हणजे खालच्यांचं धरण आलं तेव्हा वरच्यांची शेतं दोन पिढ्या भिजत होती. (जायकवाडी हे गाव मुळात बीड जिल्ह्यातलं. धरण वर पैठणला सरकलं, नाव तेवढं सोबत आलं. या नदीला नावांची खोडच आहे.)

गोदावरी जलविवाद लवादानं 1980मध्ये निवाडा दिला. पैठणपर्यंतचं सगळं पाणी वापरायला महाराष्ट्र मोकळा आहे, असं त्यात आहे. हे नीट ऐका. पैठणच्या वरच्या थेंबाबद्दल तेलंगण किंवा आंध्रकडे बोट दाखवायची सोय आपल्याला नाही. भांडण घरातलंच. सुमारे 102 टीएमसीचा नाथसागर भरायचा तो नाशिक-नगरकडून येणाऱ्या पाण्यावर, आणि तिथे तर धरणांची रांग. 2005च्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, 2013मध्ये मेंढेगिरी समितीनं आकडे मांडले : 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडायचं. 2016मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली.

वरचा शेतकरी म्हणतो, आमच्या विहिरी या पाण्यावर आहेत, आणि सोडलेलं निम्मं तर कोरडं पात्रच पिऊन टाकतं. त्याचं म्हणणं खोटं नाही; वहनतूट असतेच. पण आधी वापरलं म्हणून हक्क, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. वापराला आरंभ आधी झाला तो भांडवल आणि कालवा तिकडे आधी पोचला म्हणून, आणि त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता म्हणून. सीमा 1948मध्ये गेली, 1960मध्ये राज्य एक झालं. नदीच्या हिशोबात मात्र ती सीमा अजून पैठणच्या वरच कुठेतरी उभी आहे, आणि ऑक्टोबर आला की दिसते.